एक्सेलमध्ये एक उत्तर, पायथनमध्ये दुसरं: आकड्यांतला फरक शोधायचा कसा

एक्सेलच्या शीटमध्ये प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) २.७४ येतंय आणि तोच कॉलम पायथनमध्ये टाकला की २.४५. कधी चतुर्थक (क्वार्टाइल) जुळत नाहीत, कधी दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या टी-टेस्टची पी-व्हॅल्यू बरोब्बर निम्मी निघते, कधी शेअरचा बीटा, म्हणजे निर्देशांकासोबत तो किती हलतो त्याचं माप, इकडे ०.९२ आणि तिकडे १.०९. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, संस्थांमध्ये सर्व्हेचा डेटा सांभाळणारी मंडळी, कारखान्यात क्वालिटीचे रिपोर्ट काढणारे, सगळ्यांकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेकांचा पहिला अंदाजही ठरलेला असतो: दोघांपैकी एकाचं गणित चुकलंय.

तसं सहसा नसतं. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर उत्तर देत असतात. त्यांना दिलेले आकडे तरी वेगळे असतात, नाहीतर विचारलेला प्रश्न तरी. आणि फरक किती आहे, कुठल्या प्रमाणात आहे, यावरूनच तो कुठून आला हे बऱ्याचदा ओळखता येतं. म्हणून फॉर्म्युले खोडून नव्याने लिहायला बसू नका. आधी दोन्ही उत्तरं पूर्ण दशांशांसकट एका कागदावर उतरवून घ्या. शीटमधल्या सेलचं फॉरमॅट ‘जनरल’ करा, कॉलम रुंद करा. दोन दशांशांवर गोल केलेले आकडे घेऊन हा शोध पुढे जात नाही.

सुरुवात चार आकड्यांपासून

दोन्हीकडे चार गोष्टी काढा: किती आकडे आहेत, त्यांची बेरीज किती, सर्वांत लहान कोणता, सर्वांत मोठा कोणता. एक्सेलमध्ये काउंट, सम, मिन, मॅक्स. पांडाज या पायथनमधल्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीतही याच नावांची फंक्शन्स आहेत. पायथनमध्ये मोजताना ‘लेन’ वापरू नका, ते रिकाम्या जागाही मोजतं. एक्सेलचं काउंट फक्त खरे आकडे मोजतं, काउंटए भरलेला प्रत्येक सेल मोजतं. एक्सेलमध्येच ही दोन वेगळी आली तर त्या कॉलममध्ये आकड्यांसोबत मजकूर बसलाय हे तिथल्या तिथे कळलं.

चारही आकडे जुळले तर डेटा एकच आहे असं धरून व्याख्यांकडे वळा. एखादा जरी जुळला नाही, तर प्रमाण विचलन, पर्सेंटाइल, पी-व्हॅल्यू सगळं बाजूला ठेवा आणि डेटाच्या मागे लागा. हा क्रम उलटा केला की आख्खा दिवस जातो. दोन कॉलमचा संबंध तपासत असाल, म्हणजे सहसंबंध किंवा रिग्रेशन, तर पाचवा आकडा घ्या: दोन्ही कॉलमचा ओळीनिहाय गुणाकार करून त्याची बेरीज. एक्सेलमध्ये समप्रॉडक्ट. एकच कॉलम सॉर्ट होऊन जोड्या विस्कटल्या असतील तर पहिले चारही आकडे जुळतात आणि हा पाचवा जुळत नाही.

प्रमाण विचलन: भागाकार पाचने की चारने

सर्वांत जास्त तक्रारी इथल्या आहेत, म्हणून हे सविस्तर बघू. समजा पाच प्लॉटमधलं सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असं आहे: १२, १५, ११, १८, १४. बेरीज ७०, सरासरी १४. सरासरीपासूनची अंतरं −२, १, −३, ४, ०. त्यांचे वर्ग ४, १, ९, १६, ०, आणि वर्गांची बेरीज ३०. इथपर्यंत सगळी सॉफ्टवेअर एकमत आहेत.

पुढे ३० ला पाचने भागलं तर ६, वर्गमूळ २.४४९. चारने भागलं तर ७.५, वर्गमूळ २.७३९. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीतलं एसटीडी आपणहून पाचने भागतं. एक्सेलचं एसटीडेव्ह आणि २०१० च्या आवृत्तीत आलेलं एसटीडेव्ह.एस चारने भागतं. एसटीडेव्ह.पी पाचने. संख्याशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या आर भाषेतलं एसडी चारने. आणि गोंधळ वाढवणारी गोष्ट म्हणजे पांडाज हे नमपायच्याच पायावर उभं असूनही त्याचं एसटीडी चारने भागतं. त्यामुळे एकाच नोटबुकमध्ये, त्याच कॉलमचं उत्तर, कॉलम पांडाजच्या रूपात असताना २.७३९ येतं आणि नमपायच्या अ‍ॅरेत बदलला की २.४४९. मधल्या कुठल्यातरी ओळीत ‘व्हॅल्यूज’ लिहिलेलं असतं, उत्तर तिथे बदलतं, आणि कुठलीही वॉर्निंग येत नाही.

हे ओळखायची खूण पक्की आहे. मोठ्या उत्तराला छोट्या उत्तराने भागा आणि वर्ग करा. इथे २.७३९ भागिले २.४४९ म्हणजे १.११८, त्याचा वर्ग १.२५. एन म्हणजे आकड्यांची संख्या धरली तर हा वर्ग नेहमी एन भागिले (एन वजा एक) इतका येतो, म्हणजे इथे ५ भागिले ४. उलट दिशेनेही जाता येतं: वर्गाच्या उत्तराला, त्यातून एक वजा करून जे उरेल त्याने भागा. १.२५ भागिले ०.२५ बरोबर ५. तुमच्या ओळींची संख्याच समोर आली की शोध संपला. ३० निरीक्षणं असतील तर दोन उत्तरांचं गुणोत्तर १.०१७ च्या आसपास, १०० असतील तर १.००५. म्हणूनच मोठ्या डेटावर हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही आणि छोट्या गटांवर एकदम डोळ्यांत भरतो.

चारने भागायचं कारण त्या अंतरांमध्येच आहे. −२, १, −३, ४ एवढी चार कळली की पाचवं शून्यच असणार, कारण सरासरीपासूनच्या अंतरांची बेरीज शून्य होते. सरासरी याच पाच आकड्यांतून काढल्यामुळे मोकळी माहिती चारचीच उरते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांच्या नावाने ही दुरुस्ती ओळखली जाते. पाच प्लॉट हा नमुना असेल आणि त्यावरून तालुक्याबद्दल बोलायचं असेल, तर वजा एक हवंच. महाराष्ट्राच्या ३६ च्या ३६ जिल्ह्यांचे आकडे हातात आहेत आणि त्या ३६ मधलाच पसारा सांगायचाय, तर ३६ ने भागणं योग्य. प्रबंधात आणि सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा पहिली स्थिती असते, त्यामुळे नमपायला ‘डीडीओएफ’ची (एनमधून किती वजा करायचे ते सांगणाऱ्या पर्यायाची) किंमत १ द्या आणि तसं लिहूनही ठेवा. पायथनशी जुळवायचं म्हणून शीटमधलं एसटीडेव्ह.एस काढून तिथे एसटीडेव्ह.पी घालणारे भेटतात. त्याने आकडे जुळतात, पण रिपोर्टमधला पसारा आहे त्यापेक्षा लहान दिसायला लागतो. हे करू नका.

झेड-स्कोअर, म्हणजे आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे ते, काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पायथनच्याच सायपाय लायब्ररीचं झेडस्कोअर आणि सायकिट-लर्नचं स्टँडर्डस्केलर, दोन्ही एनने भागतात. एक्सेलमध्ये एसटीडेव्ह.एस वापरून काढलेल्या झेड-स्कोअरशी ते जुळणार नाहीत, आणि फरक सगळ्या ओळींवर एकाच प्रमाणात असेल.

बीटाचं दुखणं

याच कारणाचा याहून वाईट प्रकार बीटात दिसतो. शेअरच्या आणि निर्देशांकाच्या परताव्यांचा कोव्हेरियन्स (दोन्ही एकत्र किती हलतात ते) काढायचा आणि त्याला निर्देशांकाच्या व्हेरियन्सने (प्रमाण विचलनाच्या वर्गाने) भागायचं, ही रीत सगळ्यांना पाठ असते. एक्सेलमधलं जुनं कोव्हार हे फंक्शन एनने भागतं, तर व्हार हे एन वजा एकने. म्हणजे अंशात एक व्याख्या आणि छेदात दुसरी. नमपायमध्ये नेमकं उलट आहे: तिथलं कोव्ह एन वजा एकने भागतं आणि व्हार एनने.

बारा महिन्यांचे परतावे घेतले आणि खरा बीटा १ असला, तर एक्सेलच्या त्या जोडीतून ०.९१७ निघतो आणि नमपायच्या जोडीतून १.०९१. दोघांचं गुणोत्तर १.१९. म्हणजे जवळजवळ १९ टक्क्यांचा फरक, आणि दोन्ही उत्तरं चूक. इथे दोन सॉफ्टवेअरपैकी एकावर विश्वास ठेवायचं ठरवलं तरी चुकीचाच आकडा हातात राहतो. एक्सेलमध्ये कोव्हेरियन्स.एस सोबत व्हार.एस घ्या, किंवा सरळ स्लोप वापरा. नमपायमध्ये दोन्ही फंक्शन्सना डीडीओएफ सारखाच द्या. पांडाजमध्ये कोव्ह आणि व्हार दोन्ही एन वजा एकनेच भागतात, तिथे हा प्रश्न येत नाही. सहसंबंध गुणांकाच्या बाबतीतही येत नाही, कारण भागाकार वर-खाली कापला जातो. त्यामुळे कोरेल (सहसंबंध गुणांक काढणारं एक्सेलचं फंक्शन) जुळतंय आणि बीटा जुळत नाही असं चित्र दिसलं, तर संशय आधी इथे घ्या.

चतुर्थक आणि पर्सेंटाइल

तेच पाच प्लॉट चढत्या क्रमाने: ११, १२, १४, १५, १८. मध्यक १४, यावर वाद नाही. पहिला चतुर्थक मात्र १२ सांगता येतो आणि ११.५ सुद्धा. एक्सेलचं क्वार्टाइल.इंक, नमपायचं पर्सेंटाइल आणि आरचं क्वांटाइल आपणहून १२ देतात. क्वार्टाइल.एक्स्क ११.५ देतं. पायथनसोबतच येणाऱ्या स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलमधलं क्वांटाइल्स हे फंक्शनही काही सांगितलं नाही तर ११.५ च देतं. तिसरा चतुर्थक एका पद्धतीने १५, दुसऱ्या पद्धतीने १६.५. म्हणजे दोन चतुर्थकांमधलं अंतर एकीकडे ३ आणि दुसरीकडे ५.

फरक येतो तो जागा मोजण्यात. पहिली पद्धत पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत चार घरं धरते. त्यांचा पाव भाग म्हणजे एक घर पुढे, तिथे १२. दुसरी पद्धत एन अधिक एक, म्हणजे ६ चा पाव भाग घेते, १.५ वी जागा, म्हणजे ११ आणि १२ च्या मधोमध. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या अशा नऊ पद्धती एकत्र मांडल्या. आर भाषेत ‘टाइप’ म्हणून १ ते ९ आकडा देता येतो तो त्यांच्याच यादीतला. वर सांगितलेल्या दोन पद्धती त्यांतल्या सातव्या आणि सहाव्या. एसपीएसएस आणि मिनिटॅब ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर सहावी वापरतात. त्यामुळे गाइडच्या एसपीएसएसमधला आकडा विद्यार्थ्याच्या पायथनशी जुळला नाही तर दोघांचंही बरोबर असू शकतं.

एक्स्क पद्धतीची आणखी एक खूण आहे. पाच आकड्यांवर नव्वदावा पर्सेंटाइल मागितला तर एक्सेल #नम! अशी एरर देतं, कारण ५.४ व्या जागेवर आकडाच नाही. इंकला तीच जागा ४.६ वी वाटते आणि ते १६.८ देतं. एक्सेलचा बॉक्स-अँड-व्हिस्कर चार्ट आपणहून एक्स्क पद्धत धरतो, मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चार्ट लायब्ररीचा बॉक्सप्लॉट इंकसारखी. एकाच डेटाचे दोन डबे वेगळ्या उंचीचे दिसतात आणि ‘आउटलायर’ (इतरांपासून फार दूर पडलेलं निरीक्षण) म्हणून टिंब कुठल्या निरीक्षणाला मिळणार तेही बदलतं. वरच्या उदाहरणात वरची सीमा (तिसरा चतुर्थक अधिक दोन चतुर्थकांमधल्या अंतराची दीडपट) एकीकडे १९.५, दुसरीकडे २४. सहावा प्लॉट २६ क्विंटलचा निघाला तर या सीमा पुन्हा मोजाव्या लागतील आणि त्याला बाहेर काढायचं की ठेवायचं हे पद्धतीवर ठरू शकेल. एवढं अवलंबून असताना चार्टखाली पद्धतीचं नाव न लिहिणं बरोबर नाही. एक्सेलच्या चार्टमध्ये डब्यावर राइट-क्लिक करून फॉरमॅटमध्ये गेलं की ‘इन्क्लुझिव्ह मीडियन’चा पर्याय मिळतो.

चार आकडेच जुळले नाहीत तर

आता डेटा. रिकामे सेल हे पहिलं कारण. एक्सेलचं एव्हरेज रिकामे सेल आणि मजकूर दोन्ही सोडून देतं. सहाव्या प्लॉटसमोर ‘पीक गेलं’ असं लिहिलं असेल तर एव्हरेज १४ च सांगेल. एव्हरेजए त्या मजकुराला शून्य धरेल आणि ७० ला सहाने भागून ११.६७ सांगेल. पायथनमध्ये कुणी ‘फिलएनए’ करून रिकाम्या जागी शून्य भरलं असेल तरी हेच ११.६७ येतं. पांडाज रिकाम्या जागा वगळून सरासरी काढतं, साधी नमपाय अ‍ॅरे मात्र एक जरी जागा रिकामी असली तरी उत्तर म्हणून ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे आकडाच नाही) देते. पीक खरोखर गेलं असेल तर उत्पादन शून्य आहे आणि ते धरलंच पाहिजे. मोजायला कुणी गेलंच नसेल तर ती जागा रिकामीच राहिली पाहिजे. हा निर्णय शेतावर काय झालं ते माहीत असलेल्या माणसाने घ्यायचा आहे, फंक्शनवर सोडायचा नाही.

दुसरं, मजकूर म्हणून बसलेले आकडे. शीटमध्ये ते डावीकडे चिकटलेले दिसतात, हिरवा त्रिकोणही येतो, पण अलाइनमेंट कुणी बदललेली असेल तर डोळ्यांवर विसंबू नका. इझनंबर लावून बघा. वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यांमागे १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस येते आणि ती एक्सेलच्या ट्रिमने जात नाही, सब्स्टिट्यूटमध्ये चार(१६०) देऊन काढावी लागते. पायथनचं फ्लोट मात्र तीच स्पेस गुपचूप बाजूला सारून आकडा वाचतं. इतकंच काय, देवनागरीत टाइप केलेलं ‘१२.५’ सुद्धा पायथनच्या फ्लोटला चालतं. ग्रामपंचायतीकडून, शाळेकडून आलेल्या शीटमध्ये काही नोंदी देवनागरी अंकांत असतात. त्या शीटमध्ये मजकूर म्हणून बसल्या असतील तर एक्सेलची बेरीज त्यांना वगळणार आणि पायथनची धरणार. अशा वेळी काउंटमधला फरक म्हणजे अशा नोंदींची संख्या.

आपल्याकडचा लाख-कोटींचा स्वल्पविराम हेही कारण आहे. सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी कप्पे पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ‘१,२५,०००’ असं गेलं की पांडाजला तो कॉलम मजकूर वाटतो. फाइल वाचताना ‘थाउजंड्स’मध्ये स्वल्पविराम द्या.

आणि सीएसव्हीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की सेलमधला मूळ आकडा जात नाही, पडद्यावर दिसतोय तो जातो. फॉरमॅट दोन दशांशांचं असेल तर १४.३७६२ चं १४.३८ होऊन फाइलमध्ये बसतं. मग काउंट जुळतो, बेरीज किंचित हलते, आणि लोक तासन्‌तास फ्लोटिंग पॉइंटवर (संगणक दशांश कसे साठवतो यावर) वाचत बसतात. बेरजेतला फरक लहान आहे पण शेवटच्या दशांशाइतका लहान नाही, असं दिसलं की मूळ एक्सएलएसएक्स फाइल थेट पांडाजमध्ये वाचून बघा. फरक नाहीसा झाला तर कारण हेच.

लपवलेल्या ओळी एक्सेलचं एव्हरेज मोजतं, पांडाजही वाचतं. शीटवर फिल्टर लावून खाली सबटोटल घातलेलं असेल तर उत्तर फक्त दिसणाऱ्या ओळींचं असतं. त्यातही सबटोटलला १ दिलं की हाताने लपवलेल्या ओळी धरल्या जातात, १०१ दिलं की त्याही वगळल्या जातात. शीटची ओळींची मर्यादाही एकदा आठवून बघा. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत. माहिती जुन्या एक्सएलएस साच्यात ओतली जात होती आणि मर्यादेपलीकडच्या ओळी गळत होत्या. तुमचा काउंट यांपैकी एखाद्या मर्यादेपाशी येऊन थांबला असेल तर दुसरीकडे बघायची गरज नाही.

राहिली रेंज. नव्या ओळी खाली जोडल्या गेल्या आणि फॉर्म्युला जुन्याच सेलपाशी थांबला, हे नेहमीचं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या शोधनिबंधामागच्या शीटमध्ये सरासरीचा फॉर्म्युला ३० ते ४४ ओळींवर होता, देश ४९ व्या ओळीपर्यंत होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून सुटले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी ते आकडे स्वतः काढून बघत होता, ते जुळेनात. त्याने लेखकांकडून मूळ शीट मागवून घेतली तेव्हा हे उघड झालं, आणि २०१३ मध्ये मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसोबत त्याने ते प्रसिद्ध केलं. देशाच्या जीडीपीच्या ९० टक्क्यांहून जास्त कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर निबंधात −०.१ टक्के होता, यांच्या हिशेबात तो २.२ टक्के आला. त्या तफावतीत रेंजच्या चुकीचा वाटा लहान होता. मोठा वाटा काही वर्षं वगळण्याचा आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीचा. पण न जुळणाऱ्या आकड्यामागे नेटाने लागल्यामुळेच हे सगळं बाहेर आलं. तुमचा आकडा मोठ्या नावाच्या निबंधाशी जुळत नसेल तर आधीच माघार घेऊ नका.

टेस्ट आणि रिग्रेशन

पी-व्हॅल्यू बरोबर निम्मी किंवा दुप्पट असेल तर एकीकडे एक टेल (फरक एकाच दिशेने शोधलेला) आणि दुसरीकडे दोन (दोन्ही दिशांनी). एक्सेलच्या टी.टेस्टला तिसरा आकडा टेल किती ते सांगतो, चौथा प्रकार: १ जोडीची, २ समान व्हेरियन्स धरलेली, ३ असमान धरलेली, म्हणजे वेल्चची. सायपायचं टीटेस्ट_इंड आपणहून दोन टेल आणि समान व्हेरियन्स धरतं. आरचं टी.टेस्ट आपणहून वेल्च. त्यामुळे आर आणि सायपाय यांचंही एकमेकांशी जुळत नाही. दोन्ही गट सारख्या आकाराचे असतील तर टी अगदी तोच येतो आणि पी थोडी हलते, कारण तेव्हा फक्त डिग्रीज ऑफ फ्रीडम (वर म्हटलेली मोकळी माहिती) बदलतात. हे चित्र दिसलं की वेल्चचा प्रश्न आहे हे नक्की.

क्रिटिकल व्हॅल्यूतही, म्हणजे टीची जी सीमा ओलांडली की फरक धरायचा तिच्यातही, हेच होतं. एक्सेलचं जुनं टीइन्व्ह ०.०५ आणि १० डिग्रीजना २.२२८ देतं, कारण ते दोन टेल धरतं. टी.इन्व्ह तेच आकडे घेऊन −१.८१२ देतं, आणि सायपायचं पीपीएफही −१.८१२ देतं.

रिग्रेशनमध्ये आधी क्रम तपासा. एक्सेलच्या स्लोपला वाय आधी द्यायचा असतो, सायपायच्या लिनरिग्रेसला एक्स आधी. उलटं झालंय का हे कळण्यासाठी दोन्ही उतारांचा गुणाकार करा. तो कोरेलच्या वर्गाइतका आला तर एक्स-वाय अदलाबदल झालेले आहेत. स्टॅट्समॉडेल्सचं ओएलएस आपणहून इंटरसेप्ट (रेषेच्या समीकरणातला स्थिर आकडा) घालत नाही, ‘ॲड_कॉन्स्टंट’ लिहावं लागतं. ते राहिलं की उतार बदलतो आणि आर-स्क्वेअर फुगलेला दिसतो, म्हणून लोक उलट खूश होतात.

स्वतः फॉर्म्युला लिहिणाऱ्यांसाठी दोन सापळे. एक्सेलचं लॉग दहाच्या पायाचं असतं, पायथन आणि आरचं नैसर्गिक, आणि उत्तरांचं गुणोत्तर २.३०२६ येतं. आणि एक्सेलमध्ये वजा चिन्ह घाताच्या आधी लागतं. =-२^२ चं उत्तर एक्सेल ४ देतं, पायथन −४. नॉर्मल वक्राची उंची काढताना एक्स्प(-ए१^२/२) असं लिहिलं आणि ए१ मध्ये २ असेल, तर एक्सेल ७.३८९ देतं. यायला हवं ०.१३५. कंस घाला: -(ए१^२).

स्क्यूनेस (वक्र एका बाजूला किती झुकलाय) आणि कर्टोसिस (त्याची टोकं किती जड आहेत) यांसाठी एक्सेल आणि पांडाज नमुन्याची दुरुस्ती करतात, सायपाय आपणहून करत नाही. तिथे ‘बायस’ फॉल्स करा. कर्टोसिसमध्ये फरक बरोबर ३ चा असेल तर एकाने नॉर्मलचे ३ वजा केलेत, दुसऱ्याने नाहीत.

शेवटच्या अंकातला फरक

एक्सेलचं राउंड २.५ चं ३ करतं. पायथन आणि नमपाय २ करतात, कारण बरोबर मधला आकडा आला की ते सम अंकाकडे जातात. ३.५ चं दोघंही ४ करतात, त्यामुळे फरक काही ओळींत दिसतो आणि काहींत नाही. २.६७५ दोन दशांशांवर आणलं तर एक्सेल २.६८, पायथन २.६७. हा आकडा संगणकाच्या बायनरीत नेमका मावत नाही, आत किंचित कमी साठवला जातो. गुणपत्रिकेत किंवा पगारपत्रकात याने एक-एक गुण, एक-एक पैसा हलतो. गोल करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी आणि एकाच ठिकाणी करा.

खऱ्या गणिती चुकीची शंका यानंतर घ्यायची. त्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने तपासणीचे डेटासेट प्रसिद्ध केले आहेत. त्यातला नमॲक४ हाताने बनवता येतो: पहिला आकडा १,००,००,०००.२, पुढे १,००,००,०००.१ आणि १,००,००,०००.३ आळीपाळीने, एकूण १,००१ आकडे. प्रमाण विचलन बरोबर ०.१ यायला हवं. वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग, हे शाळेतलं सोपं सूत्र कोडमध्ये लिहिलं असेल तर इथे ते कोसळतं, कधी मुळाखाली ऋण संख्याही येते. २००३ च्या आधीचं एक्सेल असंच एका फेरीचं सूत्र वापरत होतं, त्या वर्षी ते बदललं. आजच्या एक्सेल, नमपाय, आरवर हा आळ घ्यायचं कारण क्वचितच असतं. स्वतः लिहिलेलं फंक्शन असेल तर मात्र ही चाचणी लावाच.

तरीही सापडत नसेल

पहिल्या पाच ओळी घ्या, दोन्हीकडे चालवा, तिसऱ्यांदा कागदावर करा. पाचांवर जुळलं तर डेटाचा पहिला अर्धा भाग घ्या, मग दुसरा. जो अर्धा जुळत नाही त्याचे पुन्हा दोन भाग. दहा हजार ओळींतूनही बिघडलेल्या ओळीपर्यंत पोचायला चौदा फेऱ्यांपेक्षा जास्त लागत नाहीत. पाचांवरही जुळलं नाही तर प्रश्न व्याख्येचा आहे, आणि पाच आकड्यांवर व्याख्या हाताने तपासता येते.

कुणाला मदत मागायची असेल तर आख्खी फाइल पाठवू नका, त्यात लोकांची खासगी माहितीही असते. जुळत नाहीत त्या पाच ओळी, सेलमधला फॉर्म्युला जसाच्या तसा, कोडची ती एक ओळ, दोन्ही उत्तरं पूर्ण दशांशांसकट, आणि दोन्ही सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या पाठवा. एवढं हातात असलं की समोरच्याला अंदाज बांधावा लागत नाही, तो स्वतः चालवून बघू शकतो.